जलचरांच्या आरोग्याचे जागतिक नियम आणि आमची नोंदवही

शेताची मोजणी करावयाची म्हणजे सांखळी सर्वत्र एकच असावी लागते. एका गांवीं तेहतीस फुटांची आणि शेजारच्या गांवीं तीस फुटांची सांखळी चालूं लागली, तर चाळीस गुंठ्यांचा खरा एकर कोणाचा, याचा निवाडा कोणत्याहि कचेरीस करतां येणार नाहीं, आणि बांधावरचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या मिटणार नाहींत. महसुलाच्या दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें निराळें सांगावें लागत नाहीं. मापावर उभयपक्षांचा विश्वास असेल तरच देवघेव सुरळीत चालते. जी गोष्ट जमिनीस लागू, तीच जनावरांच्या रोगराईसहि लागू आहे. आणि आतां तर मासे, कोळंबी, शिंपले या पाण्यांतील जीवांसहि ती लागू झाली आहे. जगांतील देशांनीं जलचरांच्या आरोग्यासाठीं एक सामाईक माप ठरविलें आहे. तें कसें ठरतें, आमच्या शेतकऱ्याशीं त्याचा संबंध काय, आणि त्यांत उणें कोठें पडतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस प्रथमदर्शनीं असें वाटेल कीं, मासे हा भोई व कोळी यांचा विषय. ज्वारी, ऊस, द्राक्षें पिकविणारांस त्याचें काय? परंतु हा समज आतां जुना झाला. अवर्षणाच्या तालुक्यांत ज्यांनीं शेततळीं खोदलीं, त्यांपैकीं अनेकांनीं त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली आहे. कोंकणांत खाडीकांठच्या खाऱ्या जमिनींत कोळंबीचीं तळीं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांत पाळून वाढविलेल्या जलचरांचें उत्पन्न ९ कोटि ४४ लक्ष टन झालें, आणि समुद्र व नद्या यांतून धरलेल्या जलचरांच्या उत्पन्नास त्यानें प्रथमच मागें टाकलें. सारांश, मासा हेंहि आतां एक पीकच झालें आहे. आणि पीक म्हटलें कीं रोग आलाच. आपल्या देशांतून २०२३-२४ या वर्षीं ६० हजार ५०० कोटि रुपयांहून अधिक किंमतीचा मत्स्यमाल परदेशीं गेला, व त्या किंमतीपैकीं सुमारें दोन तृतीयांश एकट्या गोठविलेल्या कोळंबीची होती. एवढा व्यापार ज्या नियमांवर अवलंबून आहे, ते नियम शेतकऱ्यानें समजून घेऊं नयेत काय?

या सामाईक मापाचा उगम एका अर्थीं आमच्याच गुरांपाशीं आहे. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझील देशाकडे निघालेलीं वशिंडाचीं गुरें वाटेंत बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडीहि उतरली. यूरोपांतील गोठ्यांत ती पसरतांच तेथील सरकारांचे डोळे उघडले. एका देशानें आपला रोग लपविला तर दुसऱ्याचा गोठा रिकामा होतो, हें त्यांस पटलें. १९२१ सालीं पॅरिस येथें परिषद भरली, आणि २५ जानेवारी १९२४ रोजीं २८ देशांनीं करार करून जनावरांच्या साथींसंबंधीं एक आंतरराष्ट्रीय कार्यालय त्याच शहरीं स्थापिलें. २०२२ पासून हीच संस्था 'जागतिक पशुआरोग्य संघटना' या नांवानें ओळखली जाते, व १८० हून अधिक देश तिचे सभासद आहेत. ज्या बुळकांडीनें आमच्या आजे-पणज्यांचे गोठे ओस पाडले, ती पृथ्वीतलावरून नाहींशी झाल्याचें या संस्थेनें व अन्न आणि शेती संघटनेनें २०११ सालीं जाहीर केलें. या कार्यांत लशीचा वांटा मोठा, हें खरें. परंतु कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, किती गुरें आजारी पडलीं याची खरी नोंद, आणि ती वरपर्यंत कळविण्याची शिस्त नसती, तर लस कोठें टोंचावी हेंच कळलें नसतें.

जलचरांकडे या संस्थेचें लक्ष कांहींसें उशिरां गेलें. १९६० सालीं तिनें माशांच्या रोगांसाठीं निराळें मंडळ नेमिलें. १९९५ सालीं जलचरांच्या आरोग्याची स्वतंत्र नियमसंहिता व रोग ओळखण्याच्या रीतींचें स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून जागतिक व्यापार संघटनेचा करार अमलांत आला, आणि त्यांत जनावरांच्या आरोग्यापुरते याच पॅरिसच्या संस्थेचे नियम आधारभूत मानण्यांत आले. तेव्हांपासून या पुस्तकांस व्यापाराच्या वादांत वजन आलें.

नियम ठरविण्याची रीतहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सभासद देशांनीं निवडून दिलेल्या मोजक्या तज्ज्ञांचें मंडळ वर्षांतून दोनदां बैठक भरवितें, आणि नव्या किंवा सुधारलेल्या नियमांचे खर्डे तयार करतें. ते खर्डे सर्व सभासद देशांकडे जातात. देश आपले आक्षेप व सूचना लेखी कळवितात. मंडळ त्यांचा विचार करून खर्डा पुनः फिरवितें. शेवटीं दरवर्षीं मे महिन्यांत भरणाऱ्या सर्वसाधारण सभेंत तो मंजुरीस येतो. त्या सभेंत लहान-मोठ्या प्रत्येक देशास एकच मत असतें. म्हणजे कागदावर तरी येथें धनवान व गरीब असा भेद ठेवलेला नाहीं. परंतु मत देण्याचा हक्क असणें निराळें आणि खर्डा वाचून त्यावर वेळींच लेखी आक्षेप पाठविणें निराळें, हें कचेरीच्या कामाची ज्यांस माहिती आहे त्यांस सांगावयास नको. मुदतींत अर्ज न करणाराचा हक्क कागदावरच राहतो.

नियमांतील मुख्य गोष्टी समजण्यास कठीण नाहींत. पहिली गोष्ट यादीची. जो रोग देशोदेशीं पसरण्याजोगा आहे, ज्यापासून निदान एक तरी देश मुक्त आहे, जो ओळखण्याची भरंवशाची रीत उपलब्ध आहे, आणि ज्यापासून होणारें नुकसान मोठें आहे, असाच रोग यादींत घालतात. दुसरी गोष्ट खबरेची. यादींतील रोग एखाद्या देशांत प्रथमच अथवा नव्यानें उद्भवला, तर त्या देशाच्या अधिकाऱ्यानें चोवीस तासांच्या आंत मुख्य कार्यालयास कळवावें असा दंडक आहे. शिवाय दर सहामाहीस अहवाल द्यावा लागतो. तिसरी गोष्ट क्षेत्राची. संबंध देश रोगमुक्त नसला तरी त्यांतील एखादें पाणलोट क्षेत्र, किंवा एकाच व्यवस्थेखालीं बंदोबस्तानें चालविलेला तळ्यांचा समूह, रोगमुक्त असल्याचें पुराव्यानिशीं दाखवितां येतें. तसें दाखविल्यास इतरांच्या दोषासाठीं त्या मालास अडवूं नये, असा या नियमाचा भावार्थ आहे. शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी अशी हीच तिसरी गोष्ट. परंतु सगळी मेख 'पुराव्यानिशीं' या एका शब्दांत आहे.

गुरांच्या व जलचरांच्या रोगांत एक मोठें अंतर आहे. आजारी बैल वैरण टाकतो तें धन्यास दिसतें. आजारी मासा पाण्याखालीं असतो, आणि तो वर तरंगूं लागेपर्यंत रोग तळ्याभर झालेला असतो. बैल दाव्यास बांधून वेगळा करतां येतो; पाण्यास दावें नाहीं. एका तळ्याचें पाणी ओहोळांत जातें, ओहोळाचें खाडींत, आणि भरतीबरोबर तेंच पाणी शेजाऱ्याच्या फाटकांतून आंत येतें. बीज, जाळीं, भांडीं, पक्षी यांबरोबरहि रोग हिंडतो. म्हणूनच पाण्यांतील रोगाच्या बाबतींत शेजाऱ्याची खबर हीच आपली पहिली तटबंदी होय.

ही तटबंदी नसल्यानें काय होतें याचे दाखले आहेत. माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून पुढें खोल व्रण होणारा बुरशीजन्य रोग १९८८ सालीं आपल्या ईशान्येकडील प्रांतांत शिरला, आणि पुढील कांहीं वर्षांत देशाच्या मोठ्या भागांत पसरला. मरळ माशाचें त्यानें फार नुकसान केलें. त्यावर चुना, आणि भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्थेनें तयार केलेलें औषध, यांचा उपयोग झाला. कोळंबीवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगास मात्र असा उपाय नाहीं. हा विषाणुजन्य रोग १९९२ च्या सुमारास पूर्व आशियांत प्रथम दिसला, आणि १९९४-९५ मध्यें आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला. माणसास त्यापासून अपाय होत नाहीं. परंतु तळ्यांत तो शिरला म्हणजे तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सर्व कोळंबी मरूं शकते. त्या वर्षांत आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कर्ज काढून तळीं बांधलेल्या कित्येक शेतकऱ्यांचें दिवाळें वाजलें. ही आपत्ति गरीब देशांवरच येते असेंहि नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत २००७ सालीं साल्मन माशांत रक्तक्षयाचा सांथीचा रोग आढळला, आणि तीन वर्षांत तेथील अटलांटिक साल्मनचें उत्पन्न निम्म्याच्याहि खालीं आलें. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंड प्रांतांतील लोगन नदीकांठच्या कोळंबी-तळ्यांत २०१६ च्या अखेरीस पांढऱ्या ठिपक्यांचा रोग प्रथमच आढळला. लगेच २०१७ च्या जानेवारींत त्या सरकारनें परदेशच्या कच्च्या कोळंबीची आयात कांहीं महिने थांबविली, व पुढें ती अधिक कडक अटींवर खुली केली.

आपल्या सरकारनेंहि कांहीं केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २००९ सालीं परदेशांतील व्हॅनामी जातीची कोळंबी पाळण्यास परवानगी देतांना, जनक कोळंबी ठराविक रोगांपासून मुक्त असलेलीच आणावी, आणि चेन्नई येथील विलगीकरण केंद्रांत ती तपासल्यावांचून बाहेर सोडूं नये, असा बंदोबस्त करण्यांत आला. २०१३ सालीं जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, व लखनौ येथील मत्स्य आनुवंशिक संपदा संस्थेकडे त्याच्या जुळणीचें काम आलें. २०२३ सालीं भ्रमणध्वनीवरून माशांचा रोग कळविण्याचें साधन केंद्र सरकारनें उपलब्ध केलें. तामिळनाडूंत मेलविशारम या लहानशा गांवच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळेस, गोड्या पाण्यांतील मोठ्या कोळंबीच्या पांढऱ्या शेपटीच्या रोगासाठीं पॅरिसच्या संस्थेनें आपली प्रमाण प्रयोगशाळा म्हणून मान्यता दिली. यावरून माप ठरविण्याच्या कामीं आपले लोक कमी नाहींत हें सिद्ध होतें.

एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. हे नियम म्हणजे श्रीमंत देशांनीं आमचा माल अडविण्यासाठीं उभारलेली जकात आहे, असें कित्येक म्हणतात. या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. शास्त्रीय कारण दाखवून नियमाहून अधिक कडक अट घालण्याची मुभा प्रत्येक देशास आहे. आणि कारण दाखविणें वा खोडणें या दोन्हीं गोष्टींस प्रयोगशाळा व पैसा लागतो, जो सर्वांजवळ सारखा नसतो. तथापि नियमच नसता तर काय झालें असतें, याचाहि विचार करावा. मग घेणाऱ्या देशास कारण दाखविण्याची सुद्धां गरज राहिली नसती. त्याच्या मर्जीप्रमाणें दार उघडें वा बंद झालें असतें. मोजणीची सांखळी सावकाराच्या हातीं असली तरी ती तेहतीस फुटांची आहे कीं नाहीं हें कुळास पाहतां येतें. सांखळीच नसली तर सावकाराचें पाऊल हेंच माप ठरतें. शिवाय हाच नियम आम्हांसहि ढालीसारखा आहे. परदेशांतून येणारें रोगट बीज बंदरांतच अडविण्याचा आधार आम्हांस त्याच पुस्तकांत मिळतो. म्हणून नियमाशीं वैर करण्यांत अर्थ नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. पॅरिसच्या पुस्तकाचा सगळा डोलारा शेवटीं तळ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दावर उभा आहे. 'माझ्या तळ्यांत मर लागली आहे' असें त्यानें वेळींच सांगितलें, तर जिल्ह्यास कळेल, जिल्ह्यावरून राज्यास, राज्यावरून दिल्लीस, आणि दिल्लीहून चोवीस तासांत पॅरिसला. त्यानें तोंड मिटलें, तर वरच्या सर्व पायऱ्या रिकाम्या. आतां विचार करा, तो तोंड कां उघडील? रोग कळविला तर व्यापारी भाव पाडतो, बीज देणारा पाठ फिरवितो, सावकार वा बँक दाराशीं येते, आणि शेजारी त्यालाच दोष देतात. न कळवितां रात्रींतून जाळें ओढलें, अर्धामुर्धा माल मिळेल त्या भावानें विकला आणि पाणी खाडींत सोडून दिलें, तर निदान बियाण्याचे पैसे तरी सुटतात. असें करणारास आम्ही चांगलें म्हणत नाहीं. त्याच्या सुटलेल्या पाण्यानें पांच शेजारी बुडतात. परंतु खरें बोलणाराच्या पदरीं तोटा आणि लपविणाराच्या पदरीं चार पैसे, अशी व्यवस्था जोंवर आहे तोंवर नुसत्या उपदेशानें नोंदवही भरणार नाहीं. पीक बुडालें म्हणजे पंचनामा होतो, पैसेवारी निघते. सरकारी हुकुमानें बर्ड फ्लूच्या कोंबड्या माराव्या लागल्या तर पाळणारास भरपाई देण्याची पद्धत आहे. रोगानें तळें गेलें म्हणजे मात्र अशी रुळलेली वाट नाहीं.

कायद्याच्या अक्षरांतहि ही उणीव दिसते. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध करण्यासाठीं २००९ सालीं केंद्र सरकारनें अधिनियम केला. त्यांत रोगाचा संशय येतांच धन्यानें गांवच्या अधिकाऱ्यास वा पंचायतीस खबर द्यावी असें कर्तव्य सांगितलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच अधिनियमांतील 'जनावर' या शब्दाची व्याख्या पाहावी. तींत गाय, म्हैस, मेंढी, शेळी यांपासून कुत्रें, मांजर, डुक्कर, उंट, कोंबडी आणि मधमाशी येथपर्यंत नांवें आहेत. मासा आणि कोळंबी यांचीं नांवें नाहींत. इतर प्राणी अधिसूचना काढून जोडण्याची मोकळीक मात्र केंद्र सरकारास ठेवलेली आहे. ज्या जीवाच्या जोरावर देश हजारों कोटींचा व्यापार करतो, त्याचें नांव मूळ व्याख्येंत मधमाशीच्या पंक्तीसहि नसावें, हें आम्हांस विचित्र वाटतें.

यास्तव आमच्या मतें शेतकऱ्यांच्या संस्थांनीं पुढील मागण्या सरकारपुढें मांडाव्या. मासे व कोळंबी यांस या कायद्याच्या छायेखालीं स्पष्ट शब्दांत आणावें, आणि खबर देण्याच्या कर्तव्याबरोबरच, जो वेळींच खबर देईल व अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून तळ्यांतील माल नष्ट करील, त्याच्या भरपाईची निश्चित तरतूद करावी. २०२४ सालीं मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धि सहयोजनेंत विम्याच्या हप्त्यास साह्य करण्याची योजना आहे. ती लहान तळेवाल्यापर्यंत पोंचविण्यास गांवोगांव समजावून सांगणारा माणूस हवा. रोगाची तपासणी करणारी प्रयोगशाळा इतकी जवळ असावी कीं, सकाळीं दिलेल्या नमुन्याचें उत्तर मर आटोक्याबाहेर जाण्यापूर्वीं हातीं पडावें. आणि पॅरिसहून येणाऱ्या खर्ड्यांचा सारांश मराठींत व इतर देशी भाषांत करून शेतकऱ्यांच्या संस्थांकडे मुदतीच्या आंत पाठवावा. ज्या नियमानें आमचा माल अडणार वा सुटणार, त्यावर चार ओळी लिहिण्याची संधि आम्हांस मिळावी, यांत गैर कांहीं नाहीं.

सरकारकडे मागावयाचें तें मागावें. पण आपल्या हातीं आहे तें थांबवूं नये. प्रत्येक तळेवाल्यानें एक साधी नोंदवही ठेवावी. तींत तळ्याचा गट नंबर व क्षेत्र, पाणी कोठून घेतलें, बीज कोणाकडून, कोणत्या तारखेस व किती आणलें, त्याची तपासणी झाली कीं नाहीं, कोणत्या दिवशीं किती मरतूक झाली व काय लक्षणें दिसलीं, कोणतें औषध घातलें, पाणी केव्हां बाहेर सोडलें आणि माल कोणास विकला, एवढे रकाने पुरेत. मर दिसतांच पाणी बाहेर सोडणें बंद करावें, जाळीं व भांडीं दुसऱ्या तळ्यास नेऊं नयेत, आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावें. रोगट तळ्याचें पाणी क्लोरीन देऊन, सांगितलेले दिवस राखून, मगच सोडावें.

नोंद म्हटली कीं कर आला, अशी धास्ती आमच्या लोकांच्या मनांत आहे, आणि ती निराधार आहे असें महसुलाच्या नोकरीत राहिलेला मनुष्य तरी म्हणणार नाहीं. परंतु सातबाऱ्यावरच्या ज्या ओळीवर सारा बसतो, तीच ओळ कोर्टांत जमीन राखते. तळ्याच्या नोंदवहीचेंहि तसेंच आहे. रोगमुक्त क्षेत्र म्हणून आपला माल वेगळा काढून दाखवावयाचा असेल, तर दोन-तीन वर्षांच्या सलग नोंदीवांचून दुसरा पुरावा उभा राहत नाहीं. एकट्याची वही अपुरी आहे. एका ओहोळावरच्या अगर एका खाडीवरच्या सर्व तळेवाल्यांनीं एकत्र येऊन ती ठेवावी, आणि संघानें ती दर महिन्यास तपासावी. येत्या वार्षिक सभेंत हा विषय ठरावाच्या रूपानें मांडला जावा, व ज्यांचीं तळीं आहेत त्यांनीं सभेस येतांना निदान या हंगामाच्या बीजाची पावती तरी बरोबर आणावी, एवढी आमची वाचकांस विनंति आहे.